ब्रिटिश जॅझवादक हम्फ्री लिटलटन यांना चाहते इतक्या मायेने का आठवतात?

कारण त्यांचे चाहते दोन घरांतले आहेत. जॅझवाल्यांना आठवतो त्यांचा ट्रम्पेट. १९५६ साली त्यांची ‘बॅड पेनी ब्लूज’ ही धून ब्रिटनच्या टॉप ट्वेंटीत, म्हणजे सर्वाधिक खपाच्या वीस रेकॉर्ड्सच्या यादीत पोहोचली, आणि ब्रिटिश जॅझसाठी ही फार मोठी गोष्ट होती. बीबीसी रेडिओवर चार दशकं ते जॅझच्या निवडक रेकॉर्ड्सही ऐकवत होते.

दुसरं घर रेडिओवरच्या विनोदाचं. १९७२ पासून ते ‘आय ॲम सॉरी आय हॅवन्ट अ क्लू’ या रेडिओवरच्या विनोदी खेळांच्या कार्यक्रमाचे सूत्रधार होते. चेहऱ्यावरची रेषही न हलवता, कंटाळलेल्या सुरात ते चावट वाक्यं वाचायचे आणि सभागृह हसून लोळायचं. त्यातला ‘मॉर्निंग्टन क्रेसेंट’ हा खेळ तर अफाट! लंडनमधल्या जागांची नावं घेत मॉर्निंग्टन क्रेसेंट या भुयारी रेल्वेच्या स्टेशनपर्यंत पोहोचायचं. नियम मुळात नाहीतच, पण सगळे अतिशय गंभीरपणे खेळतात. माझ्या मते त्यांच्या विनोदाचं टायमिंग वादकाचंच होतं. कुठे थांबायचं हे त्यांना अचूक कळायचं.

२५ एप्रिल २००८ ला, ८६ व्या वर्षी ते गेले. तोवर काम सुरूच होतं. पुढे सूत्रधार म्हणून विनोदवीर जॅक डी आले, कार्यक्रम चालू राहिला. तरी जुने श्रोते अजूनही ‘हम्फ’चेच भाग शोधून ऐकतात.