लातूरची तीन गोण्या पुस्तकं किलोवर द्यावीत का?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही परभणी जिल्ह्यातले. लेकरू दोन वर्षं लातूरला नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लासला होतं, आत्ता मे मधे पेपर झाला आणि रूम सोडून सगळं सामान घरी आलं, त्यात तीन गोण्या नुसती पुस्तकंच. कपाटात पुतणीची २०२१ ची पण पडून आहेत. रद्दीवाला किलोवर मागतोय. कापसाच्या पट्टीतले पैसे यातच गेलेत हो, किलोवर द्यायचा जीव होईना. काय करावं?

उत्तर : रद्दीवाल्याला सध्या नाही म्हणा, पण लेकराला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणालाही देऊ नका. हा फटका मी स्वतः खाल्लाय. पोरीचा पेपर झाला तसा मी उत्साहात गठ्ठा बांधून दिला, निकाल लागला आणि ती म्हणे मम्मी मी रिपीट करते, मग तीच पुस्तकं परत विकत आणली, वर महिनाभर तिचं फुगलेलं तोंड बघितलं ते वेगळंच. तर निकाल लागून पुढचं नक्की होईपर्यंत एनसीईआरटीला, म्हणजे नीट ज्यावर असते त्या पाठ्यपुस्तकांना, हात नको. उशीर होत नाही, दहावीची पोरं अकरावीला लागेपर्यंत गिऱ्हाईक असतंच. दिवाळीनंतर मात्र कुणी विचारत नाही.

आता पुतणीचा ढीग वेगळा काढा. २०२४ च्या नीटपासून सिलॅबस कमी झाला, केमिस्ट्रीतलं सॉलिड स्टेट, पॉलिमर्स, बायोलॉजीतलं डायजेशन असे धडेच्या धडे गेले, एनसीईआरटीची पुस्तकं पण बारीक झाली. म्हणून जुनं पुस्तक कितीही कोरं असू द्या, दुकानदार पहिलं पान उघडून छपाईचं वर्ष बघतो आणि बाजूला सारतो. ती रद्दीतच जाणार, उगं जीव अडकवू नका.

लेकराच्या पुस्तकात खरा भाव ठरतो पेन्सिल-पेनावर. एमसीक्यूच्या पुस्तकात पेनानं उत्तरं टिक केलेली असली की घेणारा चार पानं चाळतो न ठेवून देतो, कारण त्यावर प्रॅक्टिस होत नाही. पेन्सिलीचं असेल तर संध्याकाळी टीव्ही बघत बघत खोडरबर घेऊन बसा, मी बसलेय! एनसीईआरटीच्या बायोलॉजीला मात्र उलटं, स्वच्छ अंडरलाइन केलेली प्रत ज्युनिअर पोरं खुशीनं घेतात. क्लासच्या मॉड्यूलवर, म्हणजे क्लासवाले स्वतः छापून देतात त्या पुस्तकांवर, किंमतच छापलेली नसते, तिथं तुमच्या बोलण्यावर आहे, पूर्ण सेट असेल तर बोला, सुटं कुणी घेईना.

भावाचं म्हणाल तर दुकानदाराला छापील किमतीच्या निम्म्यात विकायचं असतं म्हणून तुम्हाला पावच सांगतो. थेट शिकणाऱ्या ज्युनिअर पोराला दिलं तर ते निम्मे तुमचे. त्यामुळं लेकराला त्याच्या रूमच्या आणि मेसच्या ग्रुपवर फोटो टाकायला लावा, पहिल्या पानाचा पण. एनसीईआरटीला फार ताणू नका, ती पीडीएफमधे फुकट मिळतात.

आणि अनोळखी माणूस म्हणाला की पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, पिन टाकला की आपलेच जातात.