घोडी गाभण राहते, पण गाभ टिकत नाही

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली मारवाडी घोडी माझ्याकडे आहे. वय 12, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. मागच्या वर्षी सोनोग्राफीत गाभण निघाली, पण महिन्याभरात उलटली. यंदा 28व्या दिवशी गर्भाचे ठोके दिसले. दोन महिने झाल्यावर तपासलं तर पिशवी रिकामी. तरीही ती अजून माजावर आलेली नाही. गावात म्हणतात, गाई-म्हशींना देतात ते गर्भ टिकवायचं इंजेक्शन दर आठवड्याला द्या. देऊ का? घोडीचं दाणापाणी, औषध सगळं सूनबाई बघतात.
– एक वाचक, शहादा

उत्तर : भाऊ, ते इंजेक्शन देऊ नका. बाटलीवरचं नाव आधी वाचा. हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट असेल, तर ते घोडीच्या कामाचं नाही. याचा प्रयोग होऊन निकाल 2000 साली छापून आला आहे. गाभण घोड्यांना 18व्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन देऊन अंडाशयातला पीतपिंड, म्हणजे गाभ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवणारी गाठ, बंद पाडला आणि वेगवेगळी औषधं देऊन पाहिली. गाभ टिकला तो अल्ट्रेनोजेस्ट या प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधावर. गाईच्या या औषधावर टिकला नाही. आठवड्याला सुई टोचली की मालकाला धीर येतो, गर्भाला मात्र काहीच मिळत नाही.

आता तुमच्या घोडीकडे वळते. तुम्ही दिलेल्या माहितीतच बरंच काही दडलं आहे. साधारण 36व्या दिवसापासून घोडीच्या पिशवीच्या आतल्या अंगाला, गर्भाभोवती, लहान लहान वाट्यांचं एक कडं तयार होतं. त्या वाट्यांतून एक हार्मोन रक्तात येतं. गर्भ नंतर मेला तरी वाट्या मरत नाहीत, 120व्या दिवसाच्या आसपासपर्यंत काम करत राहतात आणि तोवर घोडी धड माजावर येत नाही. म्हणजे यंदाचा गाभ वाट्या तयार झाल्यावर गेला, मागच्या वर्षीचा त्याच्या आधी. दोन्ही वेळी कारण एकच असेल असं धरून चालू नका. आणि सध्या माजावर आणायची इंजेक्शनं मारत बसू नका, वाट्या आपोआप झडू द्या. त्याच हार्मोनमुळे या दिवसांत रक्ताची गाभण-तपासणीही चुकीचं ‘गाभण’ सांगू शकते.

प्रोजेस्टेरॉन कमी पडल्यामुळे गाभ जातो, पण तेवढ्याचमुळे नाही. पिशवीत जंतू असतील तर हे हार्मोन उलट नुकसान करतं: पिशवीचं तोंड घट्ट मिटतं, स्वतःची सफाई करायची तिची ताकद कमी होते आणि घाण आतच राहते. म्हणून घोडा दाखवण्याआधी पिशवीतला स्वॅब तपासून घ्या. बारा वर्षांच्या घोडीला डॉक्टरांनी बायोप्सी (पिशवीच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासणं) सुचवली तर नाही म्हणू नका. जुळं होतं का हेही बघायला हवं. पहिली सोनोग्राफी 28व्या दिवशी फार उशिरा झाली. 14व्या-15व्या दिवशी गर्भ म्हणजे पडद्यावर दीडेक सेंटीमीटरचा काळा गोल, पिशवीभर फिरत असतो. दोन दिसले तर एक तेव्हाच दाबून काढता येतो. 16व्या दिवसानंतर ते जागा धरतात. दोन्ही शेजारी बसले की काम अवघड होतं. घोडीला जुळं बहुधा झेपत नाही, दोन्ही जातात.

आणखी एक आठवून सांगा : त्या दोन महिन्यांत तिला पोटशूळ किंवा जोराचा ताप आला होता का? आतड्यातलं विष रक्तात उतरलं की शरीरात प्रोस्टाग्लँडिन सुटतं आणि पीतपिंड मरतो. अशा वेळी बाहेरून दिलेलं हार्मोन खरोखर गाभ वाचवतं. ते मी मनापासून सुचवते.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी द्यायचं ठरवलं, तर अल्ट्रेनोजेस्ट रोज तोंडाने, किलोमागे 0.044 मिलिग्रॅम. 2.2 मिलिग्रॅम प्रति मिली ताकदीचं द्रावण असेल तर तुमच्या घोडीला रोज 7 मिली. दुसरा मार्ग तेलातलं साधं प्रोजेस्टेरॉन, तेही रोज स्नायूत, त्यामुळे मान सुजते. औषध चालू असताना गर्भ जिवंत आहे ना, हे सोनोग्राफीत वेळोवेळी बघा. मेलेला गर्भ हार्मोनमुळे आतच अडकून पडतो. 100 ते 120 दिवसांत वार स्वतःची सोय करू लागते. त्यानंतर तपासणी करूनच औषध थांबवायचं.

सूनबाईंचं मात्र आधी ठरवा. अल्ट्रेनोजेस्ट कातडीतून आत जातं, बाईची पाळी बिघडवतं, आणि गरोदर बाईने तर त्याला हातही लावू नये. घरात दिवस गेलेलं किंवा जाण्याची शक्यता असलेलं कुणी असेल तर हे काम तुम्ही स्वतः करा, नायट्राइलचे हातमोजे घालून. लेटेक्सच्या मोज्यांवर विसंबू नका. पिचकारी वेगळी ठेवा. अंगावर सांडलं तर लगेच साबणाने धुवा.

घोडा दाखवल्याच्या दोन्ही वर्षांच्या तारखा आणि सोनोग्राफीचे कागद डॉक्टरांना नेऊन दाखवा. हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचं बिकानेरलाही उपकेंद्र आहे आणि मारवाडी घोड्यांवर तिथे काम चालतं. अडलं तर तुमच्या डॉक्टरांना तिथे विचारता येईल.