दप्तरातला आंब्याचा वास

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा दहावीत आहे. परवा त्याची बॅग धुवायला काढली तर तळाशी हायलायटरसारखं काहीतरी निघालं, आंब्याच्या वासाचं. म्हणतो, मित्राचं आहे आणि "नुसती वाफ असते." नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, तो घर डोक्यावर घेईल. जूनमध्ये नाशिकला जायचंय. सासूबाईंना कळलं तर काय तोंड दाखवू?

उत्तर : ताई, सासूबाईंचं शेवटी बघू. "मित्राचं आहे" हे वाक्य ठरलेलं असतं, त्यावर उलटतपासणी घेत बसू नका.

"नुसती वाफ" मात्र खोडून काढायलाच हवं. ही ई-सिगारेट आहे. त्यात ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, वासाची रसायनं आणि बहुतेक वेळा निकोटिन असतं. पूर्वीच्या ई-सिगारेटचं निकोटिन घशाला झोंबायचं. पोरगं खोकून बाजूला ठेवायचं. बेंझोइक अ‍ॅसिड घालून त्याचा क्षार केला की ते झोंबत नाही, त्यामुळे पाच टक्क्यांचं द्रावणही गुपचूप आत जातं. २०१५ साली आलेल्या 'जूल' या ई-सिगारेटच्या एका पॉडमध्ये, म्हणजे द्रावणाच्या कुपीत, साधारण २० सिगारेटींइतकं निकोटिन असतं, हे खुद्द कंपनीच सांगायची. आता मिळणाऱ्या वापरून फेकायच्या यंत्रांत द्रावण त्याच्या कितीतरी पट असतं.

आपल्याकडे कुणाकुणाच्या घरात मशेरी लावणारी आजी होती. तवा चुलीवर चढला की सगळं घर ठसकायचं, आणि सकाळी मशेरी लावल्याशिवाय तिला चहा गोड लागायचा नाही. तिला कुणी वाया गेलेली म्हटलं नाही; सवय लागलीय म्हटलं. आजीचं आणि नातवाचं निकोटिन एकच. नवऱ्याशी बोलताना इथूनच सुरुवात करा.

मुलाला दोनच गोष्टी विचारा. उठल्या उठल्या लागतं का? तास चालू असताना बाथरूमला जावंसं वाटतं का? 'हो' आलं तर नुसत्या शपथेनं सुटणार नाही. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, झोप उडणं, अभ्यासात लक्ष न लागणं. ओसरायला दोन ते चार आठवडे. परीक्षेच्या आठवड्यात सोडायला लावू नका, विमानात बसायच्या आदल्या दिवशी तर नाहीच. बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि त्याला त्यांच्याशी एकट्याला बोलू द्या. निकोटिनचा पॅच किंवा गम १८ वर्षांखाली डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. १-८००-७८४-८६६९ या नंबरावर मदत फुकट मिळते.

"सगळेच करतात" म्हणाला, तर सांगा की २०१९ मध्ये अमेरिकेतली हायस्कूलची २७.५ टक्के मुलं ई-सिगारेट ओढत होती, २०२४ मध्ये ७.८.

आता त्या यंत्रात काय होतं ते शांतपणे काढून घ्या, निकोटिन की गांज्यातलं नशा आणणारं टीएचसी. २०१९-२० मध्ये अशी यंत्रं ओढून झालेल्या फुप्फुसाच्या आजारानं २,८०० हून अधिक लोक इस्पितळात गेले, ६८ दगावले. त्यातल्या बहुतेकांनी टीएचसीचं द्रावण ओढलं होतं, पुष्कळदा इकडून तिकडून मिळवलेलं. शिवाय तुम्ही व्हिसावर असाल तर वेगळंच संकट. न्यू जर्सीत २१ वर्षांवरच्यांना गांजा कायदेशीर असला तरी व्हिसा आणि ग्रीन कार्ड केंद्राच्या कायद्यानं चालतं, आणि तिथे तो निषिद्धच. अशा प्रकरणात शाळेनं बोलावलं, तर काही लिहून देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. आपली माणसं घाबरून भराभर माफीपत्र लिहून देतात.

भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट आणणंसुद्धा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा निघण्याआधी त्याच्या बॅगेचे सगळे कप्पे त्याच्या समोर उघडा. सापडलेलं यंत्र घरच्या कचऱ्यात टाकू नका, आत लिथियमची बॅटरी असते. काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात द्या.

सासूबाईंना सांगायची काहीच गरज नाही. नवऱ्याला मात्र आज रात्रीच सांगा, आणि सांगणार आहात हे मुलाला आधी कळू द्या. हल्ली अनेक शाळांच्या बाथरूममध्ये ही वाफ ओळखणारे सेन्सर बसवलेत. शाळेचा फोन थेट नवऱ्याच्या ऑफिसात गेला, तर ते मुलाआधी तुमच्यावर चिडतील, आणि तेव्हा मला त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.