येऊरचे डोंगर पॉलिमर क्लेच्या कानातल्यांवर कसे उतरवायचे?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: ठाण्यात घोडबंदर रोडला राहता, खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, ते पॉलिमर क्लेच्या (मातीसारखी मळता येणारी, ओव्हनमध्ये भाजून पक्की होणारी क्ले) कानातल्यांवर आणायचे आहेत. व्हिडिओ बघून तीनदा करून पाहिलंत, पण दरवेळी शाळेच्या प्रकल्पातला हिरवा डोंगर आणि वर निळं आभाळ एवढंच झालं. घरात ओटीजी, म्हणजे भाजायचा छोटा विजेचा ओव्हन आहे. साहित्य काय घ्यावं आणि चुकतंय कुठे?

मी ऐरोलीला राहते आणि सहा वर्षं हेच काम करते आहे. खाडी, तिवरं, पारसिकच्या डोंगरांची रांग, आणि ऐरोली पुलावरून पलीकडे दिसणारे तुमचे येऊरचे डोंगर. तुमच्या वर्णनावरून वाटतं, हात बरोबर चाललाय, घोळ रंगात आहे. म्हणून साहित्याचं नंतर, आधी रंगाचं सांगते.

पाकिटातला हिरवा कुठल्याच झाडाचा नसतो. उद्या सकाळी सात वाजता खिडकीत बसा आणि एक काम करा: समोर किती डोंगर एकामागे एक आहेत ते मोजा आणि प्रत्येकाचा रंग शब्दांत लिहा. पावसाळ्यात जवळचा उतार गडद, ओल्या शेवाळासारखा दिसेल. त्यामागचा थोडा राखाडी. सगळ्यात मागचा तर हिरवा नसतोच, तो जवळजवळ आभाळाच्या रंगाचा असतो, फक्त एक छटा गडद. मधल्या दमट हवेमुळे असं होतं, आणि आपल्याकडे खाडी जवळ असल्यामुळे हवा दमट असतेच. मागचा डोंगर पुढच्याइतकाच हिरवा केला की सगळं एका पातळीवर येतं, आणि मग तो शाळेचा प्रकल्प होतो.

मिश्रण मी असं करते. जवळच्या उतारासाठी हिरव्याचे चार भाग, पिवळसर मातीच्या रंगाचा एक भाग आणि मुगाच्या दाण्याएवढा लाल. लाल घालताना भीती वाटेल, पण हिरव्याचा प्लास्टिकपणा तोच मोडतो. त्यामागच्या डोंगरांचे रंग मात्र नव्याने मिसळायचे नाहीत. आभाळासाठी केलेल्या गोळ्यातला थोडा या हिरव्यात मळला की मधला डोंगर तयार. त्यात आणखी आभाळ घातलं की मागचा. प्रत्येक थरात आभाळ वाढत जातं, त्यामुळे सगळे डोंगर एका हवेतले वाटतात. भाग मोजायला एकच छोटा गोल कटर वापरा, नजरेने घेऊ नका, नाहीतर तोच रंग पुन्हा कधी जमणार नाही. प्रत्येक मिश्रणाची एक चकती भाजून, भोक पाडून, दोऱ्यात ओवून ठेवा आणि मागे प्रमाण लिहा. भाजल्यावर गडद रंग थोडे आणखी खोल होतात, म्हणून निवड भाजलेल्या चकतीवरूनच करायची.

आणि येऊर बारा महिने हिरवा नसतो, हेही ध्यानात ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तेव्हा तपकिरी उतारावर नारिंगी ठिपके दिसतात. एप्रिल-मेमध्ये साग निष्पर्ण असतो, गवत वाळलेलं. मला स्वतःला तो कोरडा येऊर जास्त आवडतो. त्यात गेरू, मातकट पिवळा आणि फिकट जांभळा एवढ्यावर काम भागतं, आणि असे कानातले खादीच्या साडीवर फार सुंदर दिसतात.

आता आकाराचं. व्हिडिओत बहुतेक टोकदार, बर्फाचे डोंगर असतात. आपले डोंगर तसे नाहीत. सह्याद्री काय, येऊर काय, पारसिक काय, सगळा बसाल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून झालेला. माथे बरेचदा सपाट, उतार पायऱ्यापायऱ्यांचे. तुम्ही त्रिकोण काढत असाल तर तो डोंगर येऊरचा वाटणारच नाही. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर लोकलमध्ये पूर्वेच्या खिडकीशी बसून पारसिकची रेघ बोटाने हवेत गिरवून बघा. लांब आडवी जाते, मध्येच खांदा पडतो, पुन्हा आडवी. कुठे खाणीने कापलेला उघडा कातळ येतो. मी तो झाकत नाही, राखाडी-तांबडा तुकडा म्हणून ठेवते, कारण डोंगर आज तसाच आहे.

ही रेघ सुरीने कापू नका. क्ले पातळ लाटा, कागद फाडतो तशी हळूच फाडा आणि फाटलेली कड वरच्या बाजूला ठेवून थर लावा. फाटलेल्या कडेला जो बारीक खडबडीतपणा येतो तो झाडीचा वाटतो, आणि सुरीला तो कधीच जमत नाही. थर मागून पुढे लावायचे: आधी आभाळ, मग सगळ्यात मागचा डोंगर, मग मधला, मग जवळचा. प्रत्येक थर आधीच्यावर थोडा चढवून बोटाने अलगद दाबायचा. जवळच्या उतारावर जुन्या टूथब्रशने टोचलं की झाडं होतात. पाऊस हवा असेल तर सुईने तिरक्या रेघा ओढा. भाजल्यावर त्यांत पांढरा ॲक्रिलिक रंग चोळून वरचा पुसून टाकला की रंग फक्त रेघांत राहतो.

तीन सेंटीमीटरमध्ये काय ठेवायचं, याबद्दल मला फ्लेमिंगोंनी शिकवलं. नोव्हेंबर ते मे ते खाडीत असतात. पहिल्या वर्षी मी प्रत्येक पक्ष्याला चोच आणि पाय करत बसले. आठवडा गेला आणि सगळं चित्र गिजबिजलं. मग ओहोटीच्या वेळी ऐरोलीच्या किनाऱ्यावर जाऊन नीट पाहिलं. लांबून चोच दिसत नाही, पाय दिसत नाहीत. करड्या चिखलावर गुलाबी रेघ दिसते, आणि ती हळूहळू सरकते. आता मी सुईच्या टोकाने गुलाबी क्लेचे खसखशीएवढे ठिपके एका ओळीत लावते, बस्स. खाडी बघितलेला माणूस लगेच ओळखतो.

साहित्य. विकत घेताना पाकिटावर ‘ओव्हनमध्ये भाजायची’ असं लिहिलेलं पाहा. बाजारात हवेत वाळणारी क्लेही ‘क्ले’ म्हणूनच मिळते, ती वेगळी वस्तू आहे, पातळ दागिन्यात टिकत नाही. पॉलिमर क्ले खरं तर माती नव्हेच. पीव्हीसी, ते मऊ ठेवणारं प्लास्टिसायझर आणि रंग यांचं ते मिश्रण आहे, म्हणून हवेत सुकत नाही, उष्णतेनेच पक्कं होतं. फिमो, स्कल्पी प्रीमो, सर्निट या नावांच्या 57 ग्रॅमच्या आसपासच्या वड्या मिळतात. सुरुवातीला पांढऱ्याच्या दोन आणि निळा, पिवळा, लाल, हिरवा, तपकिरी यांची एकेक वडी पुरे. हस्तकलेचं साहित्य बघायला क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटला एक फेरी मारा. हुक आणि कड्या मी भुलेश्वरहून आणते.

पास्ता मशीन, म्हणजे क्ले एकसारखी पातळ लाटायचं यंत्र, लगेच घेऊ नका. काचेची सरळ बाटली घ्या आणि दोन्ही बाजूंना जुनी बँक कार्डं ठेवून त्यांच्यावरून ती फिरवा. एक कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं. तळासाठी दोन कार्डांची जाडी, डोंगरांच्या थरांसाठी एकाची. लाकडी लाटणं नको, रेषा उमटतात. आणि बाटली असो की मशीन, एकदा क्लेला वापरली की पुन्हा स्वयंपाकात घ्यायची नाही. आभाळाची उतरती छटा मात्र मशीनवर फार सुरेख येते. दोन रंगांचे त्रिकोण जोडून, दरवेळी एकाच दिशेने घडी घालून वीस-पंचवीस वेळा काढायचे. याला स्किनर ब्लेंड म्हणतात, ही पद्धत रूढ करणाऱ्या ज्युडिथ स्किनर यांच्या नावावरून.

पंखा बंद ठेवा आणि पांढरं काम सगळ्यात आधी करा, कारण पांढरी क्ले धूळ आणि ओढणीचा धागा लगेच पकडते. मे महिन्यात क्ले इतकी मऊ पडते की ठसे उमटतात. तेव्हा लाटलेला पत्रा दोन कोऱ्या कागदांत अर्धा तास ठेवा, जास्तीचं प्लास्टिसायझर कागद शोषून घेतो. कच्ची क्ले पॉलिश केलेल्या टेबलावर किंवा वाटेल त्या डब्यात ठेवू नका, काही प्लास्टिकला आणि रंगाला ती चिकटून विरघळवते. तळाशी त्रिकोणात 5 लिहिलेला डबा चालतो.

आता ओटीजी, आणि हे नीट वाचा. त्याच्या बटणावरचा आकडा खरा धरू नका. मी एका दिवाळीच्या ऑर्डरचे चौदा जोड 130 वर ठेवले होते. बाहेर काढले तर सगळे पांढरे ढग बिस्किटाच्या रंगाचे. नंतर आत ओव्हन थर्मामीटर ठेवला, तो 155 दाखवत होता. चौदा जोड पुन्हा करताना तीन रात्री गेल्या. थर्मामीटर स्वस्त असतो, क्लेच्याही आधी तो घ्या. तापमान पाकिटावर असेल तेच ठेवायचं. फिमो सॉफ्टला 110, प्रीमोला 130 अंश सेल्सिअस, आणि वेळ साधारण अर्धा तास. आधी ओव्हन तापवून आकडा स्थिर होऊ द्या, मग जोड साध्या सिरॅमिक टाइलवर ठेवून वरून ॲल्युमिनियम फॉइलची सैल टोपी घाला, म्हणजे कांबीची थेट आच लागत नाही. मायक्रोवेव्ह अजिबात नको. क्ले जळली तर हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, डोळे आणि घसा झोंबतो. तसं झालं तर बटण बंद करा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर जा. कमी भाजणंही तितकंच वाईट, दिसायला ठीक पण पंधरा दिवसांत कडा तुटते. प्रत्येक वेळी सोबत एक पातळ पट्टी भाजा. गार झाल्यावर ती वाकली पाहिजे, कटकन मोडली तर भाजणी कमी पडली.

वरून नेलपॉलिश लावू नका, ते क्ले मऊ करतं आणि कायमचं चिकट राहतं. मी बहुतेक वेळा काहीच लावत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला पाण्याचा पॉलिश पेपर घेते, 400, मग 600, मग 1000, पाण्यात बुडवून घासते आणि शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर चोळते. डोंगराला हवा तेवढाच मंद उजाळा येतो.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे प्लास्टिक आहे. ओहोटीला तिवरांच्या मुळांत अडकलेल्या पिशव्या मी रोज बघते, आणि त्याच खाडीचं चित्र मी पीव्हीसीत करते, याचा मला त्रास होतो. म्हणून कच्चा कण टाकत नाही, सगळे उरलेले रंग एकत्र मळून तळाच्या थराला वापरते. घासलेलं पाणी सुती कापडातून गाळल्याशिवाय मोरीत जात नाही. बिघडलेले भाजलेले तुकडे कातरून कातळासाठी पुढच्या तुकड्यात घालते. तुम्हीही एवढं करा, ही विनंती.

हुकसाठी भोक भाजण्याआधीच पाडा, कडेपासून किमान तीन मिलिमीटर आत. वजन एका कानाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा. हुकऐवजी मागे कानात घालायची खुंटी हवी असेल तर नुसत्या गोंदावर विसंबू नका. खुंटीच्या चकतीवर लिक्विड क्लेचा (पातळ, ओतता येणारी पॉलिमर क्ले) थेंब आणि क्लेचा पातळ तुकडा बसवून पुन्हा भाजा.

आणि दोन कानातले सारखे करण्याच्या मागे लागू नका. सहा-सात सेंटीमीटरचा एकच लांब देखावा लावा आणि मधोमध कापा. डाव्या कानात येऊरमधला मामा-भांजाचा डोंगर, उजव्या कानात त्याचाच खाडीकडे उतरणारा खांदा. टाइलवर शेजारी ठेवलेत की रेघ जुळते.