मका फुटत नाही, नुसता करपतो

प्रश्न : आमच्या शेतातला मका खडखडीत वाळवून कुकरमध्ये टाकला. एकही लाही झाली नाही, सगळा करपला. मग दुकानातून पॉपकॉर्नचे दाणे आणले, ते छान फुटले. त्यातलेच उरलेले वर्षभरानं काढले, तर निम्मे तळाशी तसेच. मुलं हिरमुसली. माझं काय चुकतंय?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमचा 'खडखडीत' शब्द वाचला आणि आजी आठवली. आमचं घर अथणीकडचं. नागपंचमीला चुलीवर तवा चढायचा नाही, म्हणून लाह्या आदल्या दिवशीच व्हायच्या. त्याच्याही आदल्या रात्री आजी ज्वारीवर गरम पाणी घालून लगेच उपसायची आणि ती ओलसर ज्वारी सुती फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. सकाळी लोखंडी कढई सणसणीत तापली की मूठमूठ ज्वारी टाकायची आणि फडक्याच्या बोळ्यानं भराभर फिरवायची. लाही कोरडी हवी, मग ज्वारी ओली कशाला करायची, हे कोडं मला कितीतरी वर्षं सुटलं नव्हतं.

लाही फुटते ती पाण्यानंच. पॉपकॉर्नच्या चांगल्या दाण्यात वजनाच्या साधारण १४ टक्के पाणी असतं. दाणा तापला की त्याची वाफ होऊ लागते, पण वरचं साल टणक आणि बंदिस्त, त्यामुळे तिला वाट मिळत नाही. आतला कडक पिठूळ गर त्या वाफेत शिजून लिबलिबीत होतो. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊएक पट होतो आणि साल फाटतं. दाब एकदम सुटतो, वाफ फुगते, गर फेसासारखा उसळून बाहेर येतो आणि गार होऊन तिथल्या तिथे घट्ट होतो. आपण खातो तो हा गोठलेला फेस. २०१५ मध्ये फ्रान्सच्या दोन संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं हे टिपलं. फुटताना आधी गराचा एक पाय बाहेर येतो, तो भांड्याच्या तळाला रेटा देतो आणि दाणा उडी मारतो. 'फट्' आवाज मात्र सुटलेल्या वाफेचा.

कन्नडमध्ये लाहीला 'अरळु' म्हणतात, आणि 'अरळु' म्हणजे उमलणंसुद्धा. शेजारच्या अज्जी फुलाला आणि लाहीला एकच शब्द वापरायच्या, तो मला फार आवडतो.

आता तुमचा मका. शेतातला नेहमीचा मका वेगळ्या जातीचा. त्याचं साल एवढा दाब धरत नाही, गरही मऊ, म्हणून वाफ हळूहळू निसटते आणि दाणा करपतो. तुमच्या हाताचा त्यात काही दोष नाही. तो मका दळून आणा, भाकरीला वापरा. पॉपकॉर्नचा मका लावायचाच असेल, तर बी त्याच जातीचं मागा.

दुकानातले दाणे मात्र वर्षभरात सुकले. साल कुठे चिरलं असेल तरीही दाणा फुटत नाही, पण निम्मे राहिले म्हणजे पाणीच कमी पडलं. ते फेकू नका. एक लिटरची बरणी पाऊण भरेल एवढे दाणे घ्या, त्यात एक मोठा चमचा पाणी घाला, झाकण घट्ट लावून हलवा. पहिल्या दिवशी चार-पाच वेळा हलवा, मग तीन-चार दिवस तशीच ठेवा. आजीचं बांधलेलं फडकं हेच काम करायचं. पाणी जास्त घालू नका हं, ओल वाढली की लाही बारकी आणि चिवट होते. म्हणून तुमच्याकडच्या पावसात बरणी उघडीही ठेवायची नाही.

कुकरपेक्षा जाड बुडाचं पातेलं घ्या. शेंगतेल तापवून आधी तीनच दाणे टाका. तिन्ही फुटले की बाकीचे घाला, एकावर एक थर होऊ देऊ नका. झाकण किंचित कललेलं ठेवा, वाफ बाहेर जाऊ द्या, नाहीतर लाह्या मऊ पडतात. कुकरच वापरायचा असेल, तर त्याचं झाकण लावू नका, वर ताटली ठेवा. दोन आवाजांत दोन-तीन सेकंदांचं अंतर पडलं की गॅस बंद करा. मीठ नंतर, लाह्या गरम असतानाच.