माशांच्या टाकीचे पीव्हीसी पाइप जोडताना प्रायमर लावायचा की नाही?

रिटर्न लाइनला लावाच. पंपापासून टाकीपर्यंतच्या या पाइपात पाणी सतत दाबाखाली असतं. सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा द्रव, पीव्हीसीचा वरचा थर विरघळवून पाइप आणि फिटिंग एकजीव करतं. प्रायमर तो थर आधीच साफ आणि मऊ करून ठेवतो. सम्पकडे, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीकडे, उतरणाऱ्या ड्रेनला दाब जवळपास नसतोच, तिथे माझ्या मते चांगल्या सोल्युशनवर भागतं. रंगहीन प्रायमर मिळाला तर तोच घ्या. जांभळा रंग फक्त लावलेला दिसावा म्हणून असतो आणि त्याचे डाग जात नाहीत.

गळती बहुतेक वेळा कापण्यातल्या हलगर्जीपणामुळे होते. हॅक्सॉने कापल्यावर कडेला राहिलेला चुरा पॉलिश पेपरने काढा, नाहीतर पाइप आत जाताना तो सोल्युशन खरवडून पुढे ढकलतो. प्रायमर ओला असतानाच दोन्हीकडे सोल्युशन लावा, पाव वळसा देत पाइप तळापर्यंत घाला आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवा. लगेच सोडलात तर तो हळूच मागे सरकतो. खिडक्या उघड्या हव्यात, जवळपास गॅस पेटलेला नको.

24 तास वाळू द्या, मग साधं पाणी फिरवून ते फेकून द्या. मासे त्यानंतरच. आणि हो, पंपाजवळ युनियन (फिरवून उघडता येणारा जोड) बसवा, पंप धुवायला काढावा लागतोच.