चाळीसेक एडब्ल्यूएस अकाउंट्सचे हेल्थ इव्हेंट एकाच ठिकाणी कसे बघायचे?

तुमच्या कंपनीची एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) चाळीसेक अकाउंट्स आहेत, सगळ्यांच्या वर असलेल्या मॅनेजमेंट अकाउंटला तुम्हाला हात लावू देत नाहीत, आणि तुमचे आर्किटेक्ट म्हणतात, "स्टेटस पेज बघत जा, तेवढं पुरे." पहिल्या दोन्ही अडचणींवर तोडगा आहे, खाली देतो. तिसरं वाक्य वाचून मात्र डोकं फिरलं, म्हणून हे उत्तर लांबणार आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: हेल्थ (बिघाड आणि ठरलेल्या बदलांच्या सूचना, म्हणजेच हेल्थ इव्हेंट, देणारी एडब्ल्यूएसची सर्व्हिस) हिचा ऑर्गनायझेशनल व्ह्यू, म्हणजे सगळ्या अकाउंट्सचे इव्हेंट एकत्र दाखवणारी सोय, सुरू करून घ्या, तुमचं एक अकाउंट डेलिगेटेड ॲडमिन (ते बघायचा अधिकार सोपवलेलं अकाउंट) करून घ्या, तिथे इव्हेंटब्रिजचा (इव्हेंट आला की पुढे पाठवणाऱ्या सर्व्हिसचा) रूल लावा.

आता ते एडब्ल्यूएसचं पब्लिक स्टेटस पेज. तिथे काय दिसतं? एखादी सर्व्हिस एखाद्या रीजनमध्ये (एका भागातल्या डेटा सेंटर्सच्या गटात) सगळ्यांचीच आडवी झाली तर ते. त्यासाठी पेज कशाला लागतं? निम्म्या ॲप्सनी मान टाकली की व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी बातमी येते. तुम्हाला गोत्यात आणते ती फक्त तुमच्या नावाने आलेली नोटीस: अमुक अकाउंटमधलं अमुक मशीन अमुक तारखेला बंद होणार. ती पब्लिक पेजवर कधीच येत नाही. ती त्या अकाउंटच्या हेल्थ डॅशबोर्डवर येते, आणि मेल जातो त्या अकाउंटच्या रूट पत्त्यावर, म्हणजे ज्या ईमेलने अकाउंट उघडलं त्यावर. तो मेलबॉक्स कोणी उघडत नसेल, तर बंद फ्लॅटच्या दाराखालून सोसायटीने सरकवलेली नोटीस आणि ती यात काही फरक नाही.

आमच्याकडे नेमकं हेच झालं. आधीची कंपनी मालवाहतुकीच्या धंद्यातली, नाव सांगत नाही. तिने एक छोटी कंपनी विकत घेतली आणि तिचं एडब्ल्यूएस अकाउंट आमच्या ऑर्गनायझेशनमध्ये आलं. रूटचा ईमेल त्या जुन्या कंपनीच्या डोमेनवरचा. ती माणसं पांगली, मेलबॉक्स बंद झाला. अकाउंटमध्ये एकच कामाचं ईसी२ मशीन (एडब्ल्यूएसवर भाड्याने घेतलेला सर्व्हर) होतं. ट्रकमालकांच्या पेमेंटची फाइल रोज संध्याकाळी बँकेच्या एसएफटीपी (सुरक्षितपणे फाइल पाठवायच्या) सर्व्हरवर टाकायची, एवढंच त्याचं काम. बँकेच्या फायरवॉलमध्ये या मशीनचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) व्हाइटलिस्ट केलेला, म्हणजे परवानगीच्या यादीत घातलेला. आयपी इलॅस्टिक (आपल्या नावावर राखून ठेवलेला, न बदलणारा) नव्हता, मशीन उभं करताना आपोआप मिळालेला होता. मशीन कधी बंदच केलं नव्हतं, त्यामुळे तो वर्षानुवर्षं टिकला आणि सगळ्यांना वाटलं की तो कायमचाच आहे.

खालचं हार्डवेअर खराब व्हायला लागलं की एडब्ल्यूएस त्या मशीनला रिटायरमेंटची तारीख देतं. ती पुरेशी आधी दिली होती, त्यांच्याकडून कसलीही कसूर नाही. तारीख आली, रूट डिस्क ईबीएसवर (मशीनपासून वेगळ्या साठवणीवर) असल्यामुळे मशीन नुसतं स्टॉप झालं. आली कधी, तर गौरी जेवणाच्या दिवशी.

ऑन-कॉलवर (अडचण आली तर धावून जायच्या ड्यूटीवर) असलेला पोरगा हुशार. त्याने मशीन स्टार्ट केलं, ते दुसऱ्या हार्डवेअरवर मिनिटाभरात उठलं, ग्रुपवर थम्स-अपचा पाऊस पडला. पण स्टॉप होतानाच जुना आयपी सुटला होता. नवा आयपी बँकेच्या लेखी परका. लॉगमध्ये ओळीखाली ओळ, ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. बँकेत नवा आयपी घालायचा तर ठरलेला फॉर्म, त्यावर दोन अधिकृत सह्या, आणि मग कामाचे दिवस मोजायचे. सणात कामाचे दिवस कुठून आणणार? ट्रकमालकांचे फोन चाकणच्या ऑफिसात वाजत होते. शेवटी अकाउंट्समधल्या ताई घरून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, बँकेच्या पोर्टलवर एकेक पेमेंट हाताने भरत बसल्या. मी फोनवर त्यांना यादी वाचून दाखवत होतो. त्यांच्याकडे मागे आरतीच्या झांजा चालू, आणि त्या दर नावाला म्हणायच्या, "परत सांगा, आयएफएससी परत सांगा."

नोटीस वेळेत हातात पडली असती तर काय केलं असतं? इलॅस्टिक आयपी घेऊन तो आधीच बँकेला कळवला असता, दोन्ही आयपी काही दिवस व्हाइटलिस्टवर ठेवले असते आणि एखाद्या शांत दुपारी मशीन स्वतःच स्टॉप-स्टार्ट केलं असतं. नुसतं रीबूट करून भागत नाही, मशीन त्याच हार्डवेअरवर राहतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

"पण क्लाउडवॉचचा अलार्म होता ना?" असं तुम्ही विचारालच, म्हणजे मशीनच्या आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या एडब्ल्यूएसच्या सर्व्हिसचा. होता. सीपीयू ८० टक्क्यांवर गेला तर वाजणारा. बंद मशीनचा सीपीयू कुठे जाणार? डेटा येणं थांबलं, अलार्म ‘इनसफिशियंट डेटा’वर जाऊन गप्प बसला. डेटा आलाच नाही तर काय समजायचं हे अलार्मला वेगळं सांगावं लागतं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

मग आरसीएची, म्हणजे मूळ कारण शोधायची, मीटिंग. आमच्या आर्किटेक्ट साहेबांनी मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं: क्लाउड प्रोव्हायडर इश्यू. मी त्या अकाउंटचा हेल्थ डॅशबोर्ड उघडून स्क्रीन शेअर केली. इव्हेंट तिथेच होता, मशीनच्या आयडीसकट, तारखेसकट. त्याच्या कितीतरी आधी मी ऑर्गनायझेशनल व्ह्यू सुरू करा म्हणून तिकीट टाकलं होतं आणि साहेबांनी ते ‘गरज नाही, ज्या टीमचं अकाउंट तिची जबाबदारी’ असा शेरा मारून बंद केलं होतं. तेही उघडून दाखवलं. त्यावर त्यांनी मलाच विचारलं, "बरं, मग या अकाउंटची टीम कुठली?" टीमच नव्हती! माझं म्हणणं तेच तर होतं.

‘ज्याचं अकाउंट त्याची जबाबदारी’ ही घोषणा स्लाइडवर छान दिसते. ज्या अकाउंटला जागरूक मालक असतो, त्याला तुमच्या सेंट्रल मॉनिटरिंगची फारशी गरजही नसते. विकत घेतलेली, प्रयोगासाठी उघडलेली, सोडून गेलेल्या मॅनेजरच्या नावावरची अकाउंट्स, त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

आता तुमचं काम. मॅनेजमेंट अकाउंट ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडून दोनच गोष्टी एकदा करून घ्या. हेल्थ कन्सोलमध्ये ऑर्गनायझेशनल व्ह्यू सुरू करणं, आणि तुमचं ऑपरेशन्सचं अकाउंट डेलिगेटेड ॲडमिन म्हणून नोंदवणं. २०२३ पासून ही सोय आहे आणि अशी पाचपर्यंत अकाउंट्स नोंदवता येतात. त्यानंतर तुम्हाला मॅनेजमेंट अकाउंटची पायरी चढावी लागत नाही. ऑर्गनायझेशनमध्ये ‘ऑल फीचर्स’ चालू असायला हवं, नुसतं एकत्र बिलिंग असेल तर आधी ते बदला. सिक्युरिटीवाले कुरकुर करतील, त्यांना सांगा की यातून कोणाच्या मशीनवर काही करता येत नाही, फक्त इव्हेंट दिसतात.

दिसतात म्हणजे कन्सोलमध्ये दिसतात. कन्सोल रोज सकाळी कोणी उघडत नाही, हे मी पैजेवर सांगतो. शिवाय तिथे इव्हेंट ९० दिवसच राहतात, पुढच्या वर्षीच्या ऑडिटला काही सापडणार नाही. हेल्थचा एपीआय (प्रोग्राममधून माहिती मागायची सोय) वापरून स्क्रिप्ट लिहायची तर बेसिक किंवा डेव्हलपर सपोर्ट प्लॅनवर ‘सबस्क्रिप्शन रिक्वायर्ड’ असा एरर तोंडावर येतो. इव्हेंटब्रिजला ही अट नाही. म्हणून डेलिगेटेड अकाउंटमध्ये इव्हेंटब्रिजचा रूल लावा, सोर्स ‘एडब्ल्यूएस डॉट हेल्थ’.

रीजनचा घोळ इथेच होतो. इव्हेंट ज्या रीजनचा, त्याच रीजनच्या इव्हेंटब्रिजवर येतो. मुंबईचा मुंबईत, हैदराबादचा हैदराबादेत. आयएएमसारख्या (कोणाला काय परवानगी ते ठरवणाऱ्या) ग्लोबल सर्व्हिसचे इव्हेंट नॉर्थ व्हर्जिनियात. लोक मुंबईत रूल लावून निवांत बसतात आणि ग्लोबल इव्हेंट हुकतात. पण नेहमीच्या कमर्शियल रीजन्सच्या इव्हेंटची एक प्रत ओरेगॉनलाही जाते, त्यामुळे ओरेगॉनमध्ये एकच रूल लावला तरी सगळं हाती लागतं. मी मूळ रीजनमध्ये आणि ओरेगॉनमध्ये, दोन्हीकडे लावतो, कारण एक रीजन झोपला तर दुसरा असावा. मग एकच इव्हेंट दोनदा येतो, तो कम्युनिकेशन आयडीवरून गाळायचा. इव्हेंटच्या माथ्यावर जो अकाउंट नंबर असतो तो ज्याला इव्हेंट मिळाला त्याचा. कोणाला फटका बसणार ते डिटेलमधल्या ‘अफेक्टेड अकाउंट’मध्ये असतं. आणि मशिनांची यादी लांबलचक असेल तर एकच इव्हेंट पानापानांनी येतो, पहिलं पान वाचून थांबू नका.

हे सगळं एका चॅट चॅनलमध्ये ओतायचा मोह होईल. करू नका. तुम्ही न वापरणाऱ्या सर्व्हिसचेही पब्लिक इव्हेंट येतात, आठवड्याभरात सगळे चॅनल म्यूट करतात, आणि म्यूट केलेला चॅनल म्हणजे पुन्हा तो रूटचा मेलबॉक्सच. चार कॅटेगरी असतात: इश्यू, अकाउंट नोटिफिकेशन, शेड्यूल्ड चेंज आणि इन्व्हेस्टिगेशन. शेड्यूल्ड चेंजचं थेट तिकीट व्हायला हवं, ज्याला मालक आहे आणि इव्हेंटच्या तारखेआधीची ड्यू डेट आहे. तुमच्या अकाउंटपुरता इश्यू असेल तर ऑन-कॉलला तातडीचा अलर्ट. ॲक्सेस की (प्रोग्रामला अकाउंटमध्ये शिरू देणारी गुप्त किल्ली) कुठे उघडी पडल्याचा इव्हेंट असेल तर त्याच क्षणी सिक्युरिटीला. बाकीचं एस३ मध्ये (एडब्ल्यूएसच्या फाइल साठवणीत) साठवा, तिथे वर्षभर पडलं तरी फारसा खर्च नाही.

महागडं मॉनिटरिंग टूल घेऊन हे सुटेल असं तुमचे साहेब म्हणतील. आमच्याही साहेबांनी त्या प्रकारानंतर तेच सुचवलं, डेमोसुद्धा ठेवला. टूल काय करणार? तेही इव्हेंट याच हेल्थकडून घेणार. मालकांची यादी तुम्हीच भरायची आहे. प्रत्येक अकाउंटला ऑर्गनायझेशन्समध्ये मालकाचा टॅग लावा, टॅगमध्ये माणसाचं नाव नको, टीमचा पत्ता हवा. लॅम्डाने (इव्हेंट आला की आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) अफेक्टेड अकाउंटवरून टॅग शोधायचा आणि तिकीट त्या टीमवर टाकायचं. टॅग रिकामा असेल तर तिकीट आर्किटेक्टच्या नावावर. हा शेवटचा नियम मी आताच्या कंपनीत मुद्दाम घालून घेतला, आणि रिकामे टॅग फार लवकर भरले गेले.

याचा उपयोग २०२४ मध्ये दिसला. आरडीएसवर (एडब्ल्यूएसच्या डेटाबेस सर्व्हिसवर) मायएसक्यूएल ५.७ चा स्टँडर्ड सपोर्ट २९ फेब्रुवारी २०२४ ला संपला आणि १ मार्चपासून जुन्या व्हर्जनवर राहणाऱ्यांना एक्स्टेंडेड सपोर्टचे पैसे लागू झाले, तेही दर व्हीसीपीयूला (मशीनच्या आभासी प्रोसेसरला), तासाच्या हिशोबाने. मग २२ ऑगस्टला आरडीएसचं २०१९ चं सीए सर्टिफिकेट (डेटाबेसशी सुरक्षित जोडणीला लागणारं) संपायचं होतं. दोन्हींच्या सूचना महिनोन्महिने आधी आल्या होत्या. आमच्याकडे त्या तिकीट होऊन त्या त्या टीमच्या बोर्डावर पडल्या, कुरकुरत का होईना कामं झाली. ज्यांच्याकडे नाही झाली त्यांच्या फायनान्सवाल्यांनी बिल बघून विचारलं असेल, ही नवी ओळ कसली?

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता. भारतात बऱ्याच कंपन्या एडब्ल्यूएस पार्टनरमार्फत घेतात, आणि तेव्हा मॅनेजमेंट अकाउंट पार्टनरचं असतं. तुम्हाला ‘हात लावू देत नाहीत’ याचं कारण हेच असेल, तर वरचं निम्मं उत्तर पार्टनरच्या मर्जीवर आहे. त्यांनी नकार दिला तर प्रत्येक अकाउंटमध्ये टेराफॉर्मने (क्लाउडची मांडणी कोडमधून करणाऱ्या टूलने) रूल लावून इव्हेंट तुमच्या मध्यवर्ती इव्हेंट बसवर, म्हणजे इव्हेंट गोळा होण्याच्या जागी, पाठवा. जास्त मेहनत आहे, पण कोणाची परवानगी लागत नाही. ऑर्गनायझेशनबाहेरची अकाउंट्स आणि चीनमधले रीजन्स तसेही या व्ह्यूत येत नाहीत.

मोठ्या आउटेजमध्ये हेल्थवरच विसंबून राहू नका. २८ फेब्रुवारी २०१७ ला एस३ पडलं तेव्हा एडब्ल्यूएसच्या स्टेटस डॅशबोर्डचा ॲडमिन कन्सोलच एस३ वर अवलंबून निघाला, आणि बराच वेळ त्यांना त्यावर सर्व्हिसची अवस्था बदलता आली नाही. त्यांनी स्वतःच नंतर तसं लिहिलं. तुमच्या आर्किटेक्टना हा किस्सा जरूर सांगा, त्यांचं लाडकं पेज आहे ते.

आणि इव्हेंटब्रिजची वाट न बघता आज संध्याकाळपर्यंत एक काम करा: चाळीसही अकाउंट्सचे रूट ईमेल तपासा, आणि प्रत्येकात ‘ऑपरेशन्स’चा पर्यायी संपर्क म्हणून टीमचा ग्रुप मेल भरा. मॅनेजमेंट अकाउंटवाल्यांनी मनावर घेतलं तर त्यांना ते तिथूनच सगळ्या अकाउंट्ससाठी भरता येतं. एखाद्या पत्त्याचा मालक सापडलाच नाही, तर ते अकाउंट अमुक तारखेला बंद करतोय असा मेल सगळ्या कंपनीला टाका. मालक जेवणाच्या सुट्टीआधी स्वतःच फोन करतो.